धाकटीचा पाणभुंगेरा

ज्या दिवशी धाकट्या जावेनं फोन करून सांगितलं, की आपल्या बारवेतला एक पाणभुंगेरा अजून जगात कुणालाच माहीत नसलेला निघाला, त्या दिवशी माझ्या दोन भाकरी करपल्या. फोन खांद्यानं कानाला दाबून धरला होता. तोंडानं मी "अगं बाई, किती छान!" म्हणत होते आणि पोटात नुसता जाळ. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ओट्याखाली लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोठे, काहीतरी जळून राह्यलं." मी म्हटलं, "दिसतंय मला."

"आपल्या बारवेतला" हा तिचा शब्द मला सगळ्यात जास्त झोंबला. बारव टेंभुर्णीला आमच्या शेताच्या बांधाशी आहे, शेत सासऱ्यांचं आहे आणि आम्ही दोघी त्यांच्याच सुना, तेव्हा बारव दोघींची म्हणायला कायद्यानं हरकत नाही. पण तिच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर बसून, पिठाच्या चाळणीनं पाणी गाळून किडे वेचण्याचा येडेपणा मी या घरात आले त्या वर्षापासून करत होते. त्यापायी दोन चाळण्या गेल्या आणि आत्याबाईंची बोलणी खाल्ली ती वेगळी. धाकटी आली फार नंतर. आयत्या बिळावर नागोबा कसा येऊन बसतो ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तो नागोबा मला "ताई, ताई" म्हणतो, म्हणून त्याला हाकलताही येत नाही.

मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, तेव्हाच्या औरंगाबादला. शेवटच्या वर्षी पाण्यातल्या किड्यांवर एक छोटा प्रबंधही लिहिला होता. पुढं शिकायचं मनात होतं, तेवढ्यात हे स्थळ आलं. लग्न लागून घरात आले, नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं आणि माझं जुनं नाव माहेरी राहिलं. कारण काय, तर माझं आणि मोठ्या नणंदेचं नाव एकच निघालं होतं. "एका घरात एका नावाच्या दोघी नको, हाक मारली की दोघी येतील," असं आत्याबाई म्हणाल्या. नणंद तेव्हा आष्टीला नांदत होती. तिला हाक ऐकू येणार तरी कशी, हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

धाकटीच्या वेळी काय झालं? तिनं साखरपुड्यातच सांगून टाकलं, की माझ्या सगळ्या सर्टिफिकेटांवर हेच नाव आहे, ते मी बदलणार नाही. कुणी चकार शब्द काढला नाही. सासरे तर म्हणाले, "बराबर आहे, शिकलेली पोरगी आहे." मी काय पाटीपेन्सिल न बघता आले होते? त्या दिवशी मी मांडवात सगळ्यांना पंक्तीत जिलबी वाढली आणि स्वतः एकही खाल्ली नाही.

आता पाण्याचं सांगते. आमच्या जिल्ह्याचं नाव काढलं की लोकांना आधी टँकर आठवतो. अशा ठिकाणी पाण्यातले किडे शोधते म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत. त्यांनी कधी वाकून बघितलं आहे का? द्राक्षवाल्यांची शेततळी असतात, त्यांच्या तळाला प्लॅस्टिकचा कागद, ना गाळ ना गवत. तिथं फिकट पिवळे, लांब उडणारे भुंगेरे पाणी भरल्याबरोबर येतात आणि कंटाळले की उठून जातात. पाझर तलावाच्या काठच्या गवतात हात फिरवला की तिळाएवढे पट्टेरी हाताला लागतात. पूर्णेच्या डोहावर चकचकीत काळे गिरक्या घेत असतात. त्यांचा प्रत्येक डोळा दोन भागांत असतो, वरचा भाग आभाळ बघतो आणि खालचा पाण्यात बघतो. शाळेच्या मागच्या जनावरांच्या हौदातसुद्धा दोन-तीन जाती आहेत. प्रत्येक पाण्याची वस्ती वेगळी, इथला तिथं सापडायचा नाही. आणि बारव म्हणजे तर गावच. खाली थंडगार सावली, वर तरंगणारा हिरवा थर, दगडांच्या सांध्यांत मुळं.

हे सगळं धाकटीला मी शिकवलं. तिची या घरातली पहिली दिवाळी होती. तेव्हा ती कुठल्याशा तलावातल्या माशांवर पीएच.डी. करत होती. मी तिला बारवेच्या पायरीवर बसवून चाळणीतले किडे परातीत सोडले आणि म्हटलं, मागच्या पायांकडं बघ. दोन्ही पाय एकदम मारतो, वल्ही मारल्यासारखे, तो खरा पाणबुड्या. दुसऱ्याला धरून खाणारा. आणि हा बघ, एक पाय पुढं, एक मागं, पाण्यात चालत असल्यासारखा. हा दुसऱ्या कुळातला, सडलेल्या पाल्यावर जगणारा. मेलेले असतील तर मिशा बघायच्या, पहिल्याच्या दोऱ्यासारख्या सरळ, दुसऱ्याच्या टोकाला गाठ. ती हरखून गेली. "ताई, तुम्ही कमाल आहात," म्हणाली. मलाही मूठभर मांस चढलं. पुढच्या दिवाळीला ती जाळी, चिमटे आणि स्पिरिटच्या बाटल्या घेऊन आली. मासे गेले वाऱ्यावर.

तिच्याकडं कॅमेरा लावलेला सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी आली आहे. त्यातून बघितलं की प्रत्येक किड्याला दाढी दिसते. तिच्याकडं मार्गदर्शक सर आहेत, परदेशातून पत्रव्यवहार करणारे ओळखीचे लोक आहेत. माझ्याकडं नवरा आहे, तो म्हणतो, "तुला तरी कशाला पाहिजे ते? नोकरी पक्की आहे ना?" हे मात्र खरं. माझी नोकरी पक्की आहे आणि धाकटी संभाजीनगरच्या कॉलेजात अजून तासांवर शिकवते, दरवर्षी नव्यानं अर्ज करते. नवा भुंगेरा छापून आला तर मुलाखतीत वजन पडेल, हे तिनं फोनवर दोनदा सांगितलं. मी ऐकलं. मत्सराला असल्या गोष्टींनी फरक पडत नाही.

तो भुंगेरा उडदाच्या दाण्याएवढा असतो, तसाच गोलसर. बारवेत त्याचे दोन प्रकार दिसतात. एक गुळगुळीत, तेलाचं बोट लावल्यासारखा चमकणारा. तो देशभर सगळीकडं आहे, जुन्या पुस्तकांत आहे, त्यात नर आहेत आणि माद्याही आहेत, दोघं चमकतात. दुसरा रंगानं तसाच, पण पाठ खरखरीत आणि निस्तेज, राखेत लोळवून काढल्यासारखी. हे निस्तेज मी कितीतरी वर्षं वेगळ्या डबीत टाकत आले होते. काय असतील, असं दरवेळी वाटायचं आणि दरवेळी शाळेची घंटा व्हायची. दसऱ्याला धाकटी ती डबी "बघून देते" म्हणून घेऊन गेली.

बघून तिनं फोन केला, तो हा भाकरीचा फोन.

"सगळ्या माद्याच निघाल्या, ताई," ती म्हणाली. "नराच्या पुढच्या पायांना चिकट गाद्या असतात, तसा एकही न्हाई. पण मादीच इतकी वेगळी आहे, की नर आज ना उद्या सापडेल. सरांनीबी फोटो पाहिले, लिहा म्हणाले. संक्रांतीनंतरच्या सोमवारी छापायला पाठवून देते."

या विद्येतले दोन रिवाज सांगितले पाहिजेत, कारण माझं दुखणं त्यांच्यात आहे. नवा जीव सापडला की जो त्याचं पहिलं वर्णन छापतो तो त्याला नाव देतो. पण स्वतःचं नाव द्यायचं नाही. बंदी नाही, पण तसं करणाऱ्याला लोक हसतात. तुमचं नाव दुसऱ्या कुणीतरी आपणहून द्यावं लागतं. आणि दुसरा रिवाज असा, की एकाच जिवाला चुकून दोन नावं पडली, तर आधी पडलेलं नाव खरं. नंतरचं रद्द होतं आणि पुस्तकात मागच्या रांगेत जाऊन बसतं. पहिल्यांदा हे शिकले तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. तांदळात नाव लिहिल्यावर वाटायला लागलं.

आणि आता खरंच सांगते, मला फार वाटायचं, की एखादा किडा माझ्या नावाचा असावा. कुठं का असेना, हौदातला का असेना. नवऱ्याच्या आडनावाचा नाही, ताटातल्या नावाचाही नाही, पहिल्या नावाचा. हे मी कुणाला बोलले नाही. कुणाला बोलणार? फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, आता धाकटी सरांचं नाव देईल. नाहीतर सरांच्या बायकोचं. माझ्या डबीतला किडा, माझ्या चाळणीतला किडा, आणि त्याला नाव कुण्या अनोळखी बाईचं, जिनं बारव कधी फोटोतही पाहिली नसेल. त्या आठवड्यात मी वर्गात पोरांना विनाकारण ओरडले.

धाकटीनं आणखी नमुने मागितले होते. मी गेले बारवेवर. रागातही गेले, कारण बारव माझी आहे. निस्तेज मिळाले, चमकणारेही मिळाले. ती ठेवून गेलेल्या स्पिरिटच्या बाटलीचं झाकण ढिलं राहिलं होतं, स्पिरिट सगळं उडून गेलेलं. शाळेत ते मिळत नाही, कॉलेजांना परवान्यावर मिळतं. तिच्या पद्धतीत किडा जाळीतून थेट स्पिरिटात जातो, जागच्या जागी मरतो आणि स्वच्छ राहतो. आता ती येईपर्यंत हे जिवंत ठेवायचे तर भांडं पाहिजे. मी आत्याबाईंकडं दोन बरण्या मागितल्या.

"एकच घे," त्या म्हणाल्या. "दुसरीत लिंबाचं लोणचं हाय. आन् किड्याला काय वेगळी खोली लागती का?"

मग एकाच बरणीत बारवेचं पाणी, थोडं शेवाळ, दोन काड्या, आणि दोन्ही प्रकार एकत्र. वर जुन्या ओढणीचं फडकं बांधून ती मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. डासांच्या अळ्या हौदातून आणून टाकायची, त्या ते मिटक्या मारत खायचे.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी दुपारी मी खिडकीशी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सहज नजर गेली. एक चमकणारा नर एका निस्तेज मादीच्या पाठीवर चढायचा प्रयत्न करत होता. पुढचे पाय टेकवायचा, सरकायचा, पडायचा. ती उसळी मारून पळायची, तो मागं. न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीला रबरी वाटीचा हूक कसा झटकन चिकटतो आणि खरबरीत भिंतीला चिकटवला की टपकन पडतो, तसं चाललं होतं. शेवटी त्यानं तिला मानेपाशी कडेनं धरलं आणि दोघं काडीला लटकून राहिले. मी शेंगा बाजूला ठेवल्या. तासाभरात दुसरी जोडी तशीच. त्यानंतर एका चमकणाऱ्या मादीला एका नरानं धरलं, तर तिथं काही खटपट नाही, गाद्या टेकल्या की चिकटल्या. दोन्ही तऱ्हेच्या माद्या, आणि नर तेच.

मला कळलं. एकच जात आहे. तिच्यात माद्या दोन तऱ्हेच्या, एक गुळगुळीत, जिला धरणं सोपं, आणि एक खरखरीत, जी सहजासहजी हाताला लागत नाही. चमकणाऱ्यांत माद्या आधीपासून होत्या, म्हणून निस्तेजही त्यांच्याच माद्या असतील अशी शंका कुणाला आली नाही. ना मला, ना धाकटीला, ना तिच्या सरांना. खरखरीतांचा वेगळा नर कधीच सापडणार नव्हता, कारण तो नाहीच. स्पिरिटात मेलेले किडे लग्न करत नाहीत, म्हणून तिच्या टेबलावर हे कधी दिसलं नसतं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. त्या दिवशी मी शिरा केला. नवऱ्यानं विचारलं, "काय आहे आज?" मी म्हटलं, "काही नाही, रवा होता."

खरं तर तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं, आणि मी केला नाही. आधी वाटलं, गप्प बसावं. पाठवू दे तिला, छापू दे, मुलाखतीला ते घेऊन जाऊ दे, आणि मग वर्ष-दोन वर्षांत कुणीतरी तिकडून लिहीलच, की बाई, ही तर जुन्याच जातीची मादी. पण मग तिचं तोंड मला कसं बघायला मिळालं असतं? ते दुसऱ्या कुणाला दिसलं असतं. तेव्हा ठरवलं, संक्रांतीला ती येणार आहे, आत्याबाई बायकांना हळदीकुंकवाला बोलावणार आहेत, तिथं सगळ्यांच्या देखत फडकं बाजूला करायचं. शांतपणे म्हणायचं, "धाकटे, हे जरा बघ बरं." माझं वाक्य मी न्हाणीघरात दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं.

संक्रांतीला ओसरी बायकांनी भरली. बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे, तिळगूळ, स्टीलच्या वाट्या. आत्याबाई जिला तिला सांगत होत्या, "आमच्या धाकटीनं किडा शोधला. जगात कोनाकडं न्हाई." शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, आमच्याकडं किडा झाला की आम्ही औषध मारतो. तुमच्यात शोधून राह्यले व्हय?" बायका हसल्या. धाकटीही हसली. तिला हसता येतं, लोकांनी तिच्यावर केलेल्या विनोदालाही. तेही मला जमत नाही. मी दारात बरणी कडेवर घेऊन उभी होते, फडक्यासकट. एकीनं विचारलंही, "मोठे, लोणचं वाटती का काय?" मी म्हटलं, "थांबा जरा, वाटतेच."

तेवढ्यात कुणीतरी बोललं, "मंग बारसं केलं का न्हाई किड्याचं? नाव काय ठिवलं?"

"ठेवलं ना," धाकटी म्हणाली. "ताईंचं ठेवलं."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. आत्याबाईंनी कौतुकानं माझं नाव घेतलं, ताटातलं. "तिचं ठिवलं व्हय?"

"ते न्हाई," धाकटी म्हणाली. "त्यांचं पहिलं, माहेरचं. भाऊबीजेला ताईंचे भाऊ आल्ते, त्यांनी फाटकातून हाक मारल्ती ना, तवा मी ऐकलं. डबी ताईंची, बारव दाखवली ताईंनी, मंग नाव दुसऱ्या कोनाचं ठेवू?" आणि तिनं ते नाव घेतलं. मोठ्यानं, ओसरीभर. माझ्या भावाशिवाय या घरात ते माझं म्हणून कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "हां, तेच व्हतं आधी."

मी बरणी घेऊन आत आले.

ओट्यावर बरणी ठेवली आणि ओट्याला धरून उभी राहिले. रडू आलं नाही, राग आला. हिला हे सुचलंच कसं? मी तिच्या जागी असते, मला जर नवा किडा सापडला असता, तर मी तिचं नाव दिलं असतं का? मरेपर्यंत दिलं नसतं. आणि हिनं दिलं, सहज, वाटीत तिळगूळ टाकावा तसं. आता तर माझ्याकडं तिच्याहून एक गोष्ट आणखी कमी होती. शिवाय गप्प बसायची सोय होती. फडकं तसंच राहू दे, सोमवारी ती पाठवेल, आणि माझं नाव छापून येईल. वर्षभर, दोन वर्षं, कदाचित दहासुद्धा, कुणाच्या लक्षात येईपर्यंत. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते एका फडक्याखाली झाकून मिळत होतं.

धाकटी मागून आली. "ताई, चुकलं का माझं? आधी विचारायला पाहिजे होतं. मला वाटलं तुम्हाला एकदम सांगावं."

"फडकं काढ," मी म्हटलं.

"कशाचं?"

"बरणीचं. काढ आन् बघ. जल्दी करू नको, नीट बघ."

तिनं फडकं सोडलं, बरणी खिडकीच्या उजेडात धरली. नशीब असं, की तेव्हाही एक जोडी काडीला लटकलेली होती, खाली खरखरीत, वर चमकणारा. ती बघत राहिली. मागच्या दिवाळ्यांत मी तिला किडे बघायला शिकवलं होतं, तशीच बघत होती, मान न हलवता, श्वास रोखून. मग तिनं दुसरी जोडी शोधली. बाहेर बायका उखाणे घेत होत्या. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, आणि ज्या चेहऱ्यासाठी मी आठवडाभर मनातल्या मनात शिरा-पुरी खात होते, तो माझ्या समोर हातभर अंतरावर होता. मी तुरीच्या डब्याकडं बघत उभी राहिले.

"एकच आहे," ती हळूच म्हणाली.

"एकच."

"कवा पाहिलं?"

"रविवारी."

"आन् सांगितलं न्हाई?"

"न्हाई."

मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. मी भांडायची पूर्ण तयारी करून ठेवली होती. तिनं बरणी अलगद ओट्यावर ठेवली, जोडीला धक्का लागू नये म्हणून, आणि पदरानं नाक पुसलं.

"मंग तुमचं नाव गेलं," ती म्हणाली. "सोमवारी पाठवणार होते. आत्ता न सांगता राहिल्या असत्या तर छापून आलं असतं तुमचं नाव."

"खोट्या किड्याला माझं खरं नाव नको," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला, की ओसरीवरचा उखाणा मध्येच थांबला. "आधीच एकदा रद्द झालंय ते. तिथंबी रद्द व्हायला नको. तुला द्यायचंच असंल तर बराबर किड्याला दे, न्हाई तर देऊ नको."

आत्याबाईंनी बाहेरून विचारलं, "काय झालं गं?" धाकटी म्हणाली, "काही न्हाई, आत्याबाई, किडे बघून राह्यलो." मग ती ओट्याला टेकून बसली, पोरीसारखी जमिनीवर, आणि मीही बसले, गुडघे कुरकुरत.

"मुलाखतीला आता काय नेऊ?" ती म्हणाली. माझ्याशी नव्हे, बरणीशी.

उत्तर मला माहीत होतं आणि मला सांगायचं नव्हतं. रविवारपासून मी मनातल्या मनात लिहीत होते ते. बुरशीच्या भिंगातून तरी लिहीन, पण एकटी लिहीन, असं म्हणत होते. पण फोटो कोण काढणार? कुठं पाठवायचं हे मला कुणी सांगितलं होतं?

"हेच ने," मी शेवटी म्हटलं. "एका जातीत दोन तऱ्हेच्या माद्या. एकीला धरता येतं, एकीला न्हाई. बारवेत कोन किती, शेततळ्यात कोन किती, पाझर तलावात हायेत का न्हाई, ते सगळं मोजायचं. ते कोनी केलं असलं तरी आपल्या पाण्यात केलेलं न्हाई."

तिनं वर पाहिलं. मूर्ख नाही ती, हेच तर माझं दुखणं आहे. क्षणात तिच्या डोक्यात सगळं मांडून झालं, ते मला दिसलं. "दोघींनी लिहू, ताई. मी कॅमेरा आणते. जिवंतच ठेवायचे, तुमच्यासारखे, बरणीत." मग थांबली. "लिहिणाऱ्याचं नाव तर आपलं आपण टाकायचं असतं. तिथं रिवाज न्हाई काही. तुमचं कोनतं टाकू?"

बाहेर शेजारची म्हातारी बोरं मागत होती. आत्याबाई मला हाक मारत होत्या, ताटातल्या नावानं. मी ओ दिली नाही.

"पहिलं टाक," मी म्हटलं. "माहेरचं. आन् तुझ्या आधी टाक."

धाकटीनं मान हलवली. लगेच हलवली, पापणी लवायच्या आत, जसं काही तिला त्यात काहीच गमवायचं नव्हतं. त्याचा मला अजून राग आहे.